पहिल्या रोग्याचा आवाज

मुडद्यांना आवाज देणं हा काही चारचौघांत मिरवण्यासारखा धंदा नव्हे. शेजारपाजारचे "मुलगी काय करते?" असं विचारायचे, तेव्हा तिचे वडील सांगायचे, "घशाचं काम करते." ऐकणारा तिला कान-नाक-घशाची डॉक्टर समजून आदराने मान डोलवायचा, आणि वडील त्याचा गैरसमज मुळीच दूर करायचे नाहीत.

खरं काम असं होतं. साथीचे भयपट असतात ना, ज्यात कुठल्यातरी प्रयोगशाळेतून विषाणू सुटतो, माणसं मरतात, मेलेली उठतात आणि उठून दुसऱ्यांना चावत सुटतात, त्या चित्रपटांत पाय ओढत चालणाऱ्या लोकांना स्वतःचा आवाज नसतो. शूटिंगच्या वेळी ते बिचारे तोंडात रबरी दात घालून नुसते जबडे हलवतात आणि मधल्या सुटीत रंग उतरू नये म्हणून नळीने चहा ओढतात. त्यांचं गुरगुरणं, घरघरणं, विव्हळणं नंतर एका बंद खोलीत वेगळीच माणसं करतात. या वेगळ्या माणसांची ती म्होरकी होती. स्टुडिओत तिला सगळे मुकादमीणबाई म्हणायचे. तिच्या हाताखाली एक निवृत्त शिक्षिका होती, एक पोहायला शिकवणारा होता, कारण त्याचा दम मोठा, आणि विम्याच्या कचेरीतला एक कारकून होता. दिवसभर साहेबापुढे तोंड मिटून बसल्याचा सगळा वचपा तो कारकून माइकवर काढायचा.

"जिवंत माणूस श्वास सोडताना ओरडतो," ती नव्या येणाऱ्याला पहिला धडा द्यायची. "आपण श्वास ओढताना ओरडायचं. घसाही बसत नाही आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो." शिक्षिकाबाईंना हे एका फटक्यात जमलं होतं. त्या म्हणाल्या, आठवीच्या वर्गावर मी दुसरं काय केलं जन्मभर.

नवराही याच धंद्यातला, पण वस्तूंच्या आवाजांचा. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत सदानकदा रेकॉर्डर असायचा. लिफ्टचं दार, गटाराची झाकणं, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, काही म्हणून सोडायचा नाही. मांस फाटल्याचा आवाज काढायला तो ओला कोबी फाडायचा, त्यामुळे घरात आलेल्या कोबीची भाजी होईलच याची खात्री नसायची. काही आवडलं की कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकायचा. ती त्याच्या प्रेमात पडली ती त्याचे ते मिटलेले डोळे बघून. इतकं मन लावून ऐकणारा माणूस आपलंही ऐकेल, असा तिचा साधा हिशेब होता. आणि खोटं कशाला बोला, तो ऐकायचाही.

तिचे बाबा शाळेत कवायत शिकवायचे. मैदानाच्या एका टोकाला उभे राहून त्यांनी "सावधान" म्हटलं की दुसऱ्या टोकाची मुलं ताठ व्हायची, आणि कुंपणाबाहेरून जाणारा एखादा सायकलवालाही. तिचा घसा त्यांच्याकडूनच आलेला. तिचा पहिला चित्रपट बघायला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शेवटपर्यंत शांतपणे बघितला आणि बाहेर पडल्यावर म्हणाले, "बबडे, ही तुझी माणसं दार का वाजवत नाहीत? मेली म्हणून रीतभात सोडली की काय?"

त्याच बाबांना एके दिवशी अंघोळ करताना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. आई तर कधीच गेलेली. तिने त्यांना आपल्या घरी आणलं, मधल्या खोलीत खाट टाकली, उशाशी टेबलफॅन लावला. फॅन मान फिरवताना एका बाजूला टक् असा आवाज करायचा. नवऱ्याने दोनदा तेल घातलं, पण फॅन आपला ठेका सोडेना.

बाबांच्या तोंडात एकच अक्षर उरलं होतं. 'ब'. बबडेमधला 'ब'. आखूड 'ब' म्हणजे पाणी. लांब ओढलेला म्हणजे कूस बदलायचीय. दोनदा झटपट म्हणजे भांडं आण, उशीर करू नकोस. आणि एक होता, खालून सुरू होऊन वर वर चढत जाणारा. त्याला काही नको असायचं. तो म्हणजे नुसतं, तू ये. ती जाऊन खाटेच्या कडेवर बसली, हात हातात घेतला, की तो थांबायचा.

हे सगळे 'ब' तिने नवऱ्याला शिकवले. तोही तयारीचा, चार दिवसांत ओळखायला लागला. तेव्हा साथीच्या दुसऱ्या चित्रपटाचं काम जोरात होतं आणि तिला रोज दुपारी स्टुडिओत जावं लागे. नवरा म्हणाला, "तू जा. मी आहे ना. माझं काम काय, घरी बसूनही होतं." तो खाटेजवळ स्टूल ओढून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. पाणी पाजायचा, भांडं द्यायचा, चादर बदलायचा. सख्ख्या मुलाने केलं नसतं इतकं करायचा. आत्या बघायला आली तेव्हा जाताना तिच्या कानात म्हणाली, "नशीब काढलंस गं. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही." ती रडली होती तेव्हा, आणि रात्री नवऱ्याला म्हणाली होती, "तुझे उपकार मी कसे फेडू?" तो म्हणाला, वेडी आहेस.

बाबा गेले तेव्हा ती चार माणसांचा घोळका घेऊन एका इस्पितळाचा दरवाजा फोडत होती. म्हणजे पडद्यावर दरवाजा होता आणि इकडे ती, शिक्षिका, पोहणारा नि कारकून माइकभोवती उभे राहून श्वास ओढत होते. फोन आला. "बाबा गेले," नवरा म्हणाला. "झोपेतच. मलासुद्धा कळलं नाही."

नंतर तिने त्याला कितीदा तरी विचारलं, मला हाक मारली का रे त्यांनी? आणि दर वेळी तो तिचा हात धरून सांगायचा, "नाही गं. शांत झोपले होते." त्या एका वाक्यावर तिने ते दिवस काढले. आपण तिथे नव्हतो हे डाचत होतंच, पण निदान त्यांना आपली गरज पडली नाही, असं ती मनाला समजावायची.

काम तर थांबत नाही. त्या दुसऱ्या चित्रपटात एक म्हातारा होता, साथीचा पहिला रोगी. घरच्यांनी त्याला आतल्या खोलीत खाटेला बांधून ठेवलंय, आणि सगळं कुटुंब दाराला कान लावून बाहेर उभं आहे. म्हातारा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. सगळा चित्रपट त्या आवाजावर उभा होता. तिने जीव तोडून प्रयत्न केले. निर्माते हळू बोलणारे, सभ्य गृहस्थ होते. ऐकून ऐकून ते म्हणायचे, "भीती वाटते हो. पण हा कुणाचा तरी कुणीतरी आहे, असं वाटत नाही." तिला राग यायचा, कारण त्यांचं बरोबर होतं.

मग नवऱ्याने एक दिवस तो आवाज आणला. मिक्सिंगच्या खोलीत, संगीत आणि पावसासकट तो पहिल्यांदा वाजला तेव्हा निर्माते एवढंच म्हणाले, "हाच."

"हे मी केलंय?" तिने विचारलं.

"तूच," नवरा म्हणाला. "तुझ्याच एका टेकमधून काढलाय. संथ केलाय, बराच खाली ओढलाय. वर एक दाराची कुरकुर आणि थोडं डुकराचं घुरघुरणं."

तिला क्षणभर बाबा आठवले. पण त्या दिवसांत तिला नळाच्या पाण्यातही बाबा ऐकू यायचे, म्हणून तिने तो विचार झटकून टाकला. चित्रपट चालला. इतका चालला, की लोक त्या आवाजाची नक्कल करून एकमेकांना घाबरवायला लागले. तिला बक्षीस मिळालं. व्यासपीठावर ती म्हणाली, "हा घसा मला माझ्या वडिलांनी दिला. हा आवाज त्यांचाच समजा." पहिल्या रांगेत बसून नवऱ्याने सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या.

आता तिसरा चित्रपट आला होता. म्हातारा खाटेवरून सुटतो आणि घरभर फिरतो. जुना आवाज तेवढ्या लांबीला पुरणार नव्हता. निर्माते म्हणाले, "मुकादमीणबाई, उद्या सकाळी तुम्ही माइकवर उभ्या राहा आणि तो आवाज प्रत्यक्ष काढा. चित्र बघत बघत." ती हो म्हणाली खरी, पण आपल्या घशाने तेव्हा नेमकं काय केलं होतं हे तिला आठवेना. म्हणून ती मिक्सर काकांकडे गेली. सगळे आवाज एकत्र मिसळायचं काम करणारे ते काका. काहीही टाकून द्यायचं नाही ही त्यांची ख्याती. बायकोने घरातून फेकलेली छत्रीही त्यांनी स्टुडिओत आणून ठेवली होती.

"काका, मला म्हाताऱ्याच्या आवाजाचे सुटे थर हवेत. वरची सजावट नको."

"घे की," काका म्हणाले. "तुझ्या नवऱ्याने जशी फाइल दिली तशीच आहे. मी हात लावलेला नाही."

नवरा त्या दिवशी गावाबाहेर रेल्वेच्या यार्डात आवाज टिपायला गेला होता. ती ऐकण्याच्या छोट्या खोलीत बसली. दाराची कुरकुर बंद केली. डुकराला गप्प केलं. उरला तो एकच थर, संथ आणि खोल. आपलाच घसा ओळखायचा तर आधी त्याला मूळ गतीवर आणायला हवं. तिने संथपणा काढला, खाली ओढलेला सूर वर नेला. आणि श्वास कुठून सुरू होतो नि कुठे संपतो ते पाहायला संगणकावरच्या त्या तुकड्याच्या दोन्ही कडा माउसने बाहेर ओढल्या. या कामातल्या सगळ्यांना माहीत असतं, तुकडा कापला तरी कापलेलं कुठे जात नाही. मूळ ध्वनिमुद्रण खाली अख्खं दडलेलं असतं आणि कड ओढली की उलगडतं. बाहेर देताना ते काढून टाकायचं असतं. नवरा ते विसरला होता.

आधी फॅन ऐकू आला. घरघर, घरघर, टक्.

मग बाबा म्हणाले, "ब."

तो खालून सुरू होऊन वर चढणारा होता. थोडा वेळ गेला. परत आला, आधीपेक्षा लांब. आणि अगदी जवळून, माइकला तोंड लागेल इतक्या जवळून, नवऱ्याचा आवाज. मृदू, समजुतीचा, शूटिंगवर नवख्या नटाशी बोलतो तसा.

"हं. अजून एकदा, बाबा."

बाबांनी पुन्हा हाक मारली. त्यांच्यात जेवढी म्हणून ताकद उरली असेल ती सगळी लावली असणार, कारण आवाज फाटला. आणि नेमक्या त्या क्षणी फॅनची घरघर एकदम बारीक झाली.

दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. ती मात्र तशीच खिळून बसली. फॅन आपणहून बारीक होत नाही. आवाज जास्त मोठा आला की मुद्रण फाटतं, म्हणून रेकॉर्डरचं बटण फिरवून पातळी खाली घ्यायची असते, आणि ती घेतली की खोलीतलं सगळंच बारीक होतं. म्हणजे बाबा जिवाच्या आकांताने तिला बोलावत होते तेव्हा त्याचा हात बाबांच्या हातात नव्हता, फोनवरही नव्हता. तो बटणावर होता. त्यांची हाक फार मोठी झाली, म्हणून त्याने ती कमी केली.

पुढे घशातली घरघर होती, मग तीही नाही. मग नुसता फॅन. घरघर, घरघर, टक्. तो फॅन बराच वेळ वाजत राहिला. कुणी स्टूल सरकवलं नाही, कुणी "बाबा" म्हटलं नाही. शेवटी एक बारीक खट् झालं आणि मुद्रण संपलं.

ती घरी आली तेव्हा नवरा परतला होता आणि हॉलमध्ये बसून केबलची वेटोळी करत होता. ऊन अजून खिडकीत होतं. तिने फोनवर तो तुकडा लावला आणि टेबलावर ठेवला. "अजून एकदा, बाबा" ऐकू आलं तेव्हा त्याच्या हातातलं वेटोळं सुटलं.

"काकांनी दिलं?" त्याने विचारलं. त्याला पहिलं हेच विचारावंसं वाटलं.

"कुठला 'ब' होता तो?"

"हे बघ..."

"तुला सगळे येत होते. मी शिकवले होते. कुठला होता?"

तो खाली बघत म्हणाला, "तू ये. तो."

"मग फोन का केला नाहीस?"

"करणारच होतो गं. पण असा आवाज... इतकी वर्षं या कामात आहे, इतका खरा आवाज मला कधी मिळाला नव्हता. वाटलं, एक मिनिट. एकच मिनिट आणि मग करतो."

"आणि ते थांबले तेव्हा?"

तो सुटलेली केबल गोळा करायला लागला.

"एवढा वेळ नुसता फॅन वाजतोय. तू काय करत होतास?"

"थांबलो होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, पुन्हा मारतील हाक."

"डोळे मिटलेले होते?"

त्याने होकारार्थी मान हलवली. ती उभी होती ती खुर्चीत बसली. तेच मिटलेले डोळे. मरणारा माणूस हातभर अंतरावर, आणि हा डोळे मिटून, कानावर हेडफोन चढवून तल्लीन. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर कापलेल्या गळ्यातून निघालेला आवाजही यानेच वापरला होता.

"ते जाणारच होते," तो आता घाईने बोलायला लागला. "डॉक्टरांनी सांगितलंच होतं. फोन केला असता तरी तू पोचली नसतीस."

"पोचायचं माझं मी बघितलं असतं. फोन त्यांच्या कानाला तरी लावता आला असता. मी म्हटलं असतं, आलेच बाबा. तेवढं ऐकून गेले असते." तिचा आवाज चढला नाही, आणि याचंच तिला नवल वाटलं. "मी तुला किती वेळा विचारलं. किती वेळा. आणि तू माझा हात हातात घेऊन खोटं बोललास."

"तुला त्रास होऊ नये म्हणून. आणि मी तो आवाज माझ्या नावावर थोडाच घेतला? तुझं नाव दिलं. बक्षीस तुला मिळालं."

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो आवाज तिचा म्हणून जगभर गेला होता. ती स्वतः व्यासपीठावर उभी राहून तो मिरवून आली होती. आता तोंड उघडलं तर आधी तीच खोटी ठरणार. त्याने असं ठरवून केलं की नकळत, हे तिला कळेना, आणि कळून घ्यायची इच्छाही उरली नाही. तिला एवढंच वाटलं, की बाबांना या सगळ्यातून बाहेर काढायचं. पुढच्या चित्रपटात त्यांचा एक श्वासही वाजता कामा नये. गेलेल्या माणसासाठी दुसरं करता येण्यासारखं होतं तरी काय?

"ते सगळं पुसून टाक," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

त्याने लॅपटॉप उघडला, कपाटातली डिस्क आणली. फाइल तिला दाखवली आणि पुसली. काकांकडची प्रत सकाळी काढून टाकू म्हणाला.

"अजून काही असेल तर आत्ता सांग. मी काही बोलणार नाही. पण आत्ता सांग."

"एवढंच होतं. त्या एका दुपारचं."

"शपथ घे."

"कुणाची घेऊ?"

"तूच ठरव."

"बाबांची शपथ," तो म्हणाला. "दुसरं काहीही नाही." आणि त्याचे डोळे भरून आले. ती काही त्याचे डोळे पुसायला गेली नाही, पण तिने विश्वास मात्र ठेवला. इतकी वर्षं ज्याच्यावर ठेवला, तो एका संध्याकाळी काढून घेणं तिला जमलं नाही.

सकाळी स्टुडिओत जाताना गाडीत तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. घसा बसलाय म्हण, नवा आवाज काढ. हळूहळू जुना लोक विसरतील." तिलाही ते पटलं होतं. नवा आवाज काढायचा, जुना मिटवायचा, घरचं घरात राहील. काचेपलीकडे मिक्सर काका यंत्रावर, शेजारी नवरा, मागे कोचावर निर्माते. इकडे माइकपुढे ती. कोपऱ्यात शिक्षिकाबाई पुढच्या घोळक्याच्या दृश्यासाठी घशाला गरम पाणी घेत बसल्या होत्या.

"आधी जुना ऐकवतो," निर्माते प्रेमाने म्हणाले. "म्हणजे तुम्हाला सूर सापडेल." आणि काकांनी तो खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर सोडला.

तो आवाज चहूबाजूंनी आला. शिक्षिकाबाईंनी दाद म्हणून मान हलवली, हसल्या, आपल्या दंडावरचा काटा दाखवला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो यंत्राकडे बघत होता. बाबा पुन्हा बोलवायला लागले, आणि तिला ते उभ्याने सोसेना. तिने हेडफोन काढून ठेवले, जड दार ढकललं आणि पलीकडच्या खोलीत गेली.

"बंद करा काका," ती म्हणाली. "हा माझा आवाज नाही. माझ्या वडिलांचा आहे. ते मरत होते आणि मला बोलवत होते. याने फोन केला नाही, टेप करत बसला. हा खोटं बोलला तुमच्याशी. मीही बोलले, पण मला माहीत नव्हतं. बक्षीस मी परत करते. एवढंच मागते, की यापुढे हे कुठे वाजायला नको."

काकांनी बोट उचलून आवाज थांबवला आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिला वाटलं, संपलं, निदान इथे तरी माणसं आहेत. निर्माते उठले. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. डोळे खरंच ओले झाले होते त्यांचे.

"वाईट झालं," ते म्हणाले. "फार वाईट. माझे वडील असेच गेले. मी दारात होतो आणि आत जाण्याचा धीर झाला नाही. हा आवाज ऐकला की मला तेच आठवतं, आता कळलं का ते." त्यांनी चष्मा परत घातला.

मग त्यांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे, नवऱ्याकडे बघून अगदी हळू, जवळजवळ लाजत विचारलं, "अजून आहे का?"

ती वळली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान नकारार्थी हलवली. त्याला आठवण करून दिल्यासारखी, विनवल्यासारखी हलवली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग निर्मात्यांकडे बघायला लागला.

"आहे," तो म्हणाला.

"किती?"

"बाबा घरी आले, त्या दिवसापासूनचं सगळं आहे."